एकशे तेरावी नोंद

आमच्या तुमसरच्या पोस्टात परसराम गजभिये नावाचे कारकून होते. टपाल छाटण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नव्हता. पाकिटावर नजर पडते न पडते तोच हात बरोबर खणाकडे गेलेला असायचा. मी पोस्टमन. एकवीस वर्षं त्यांनी छाटलेलं टपाल घरोघर वाटलं आणि पुढे सांगेन ते नऊ दिवस सोडले तर चुकीच्या खणातलं पाकीट मला एकदाही सापडलं नाही. असा माणूस आयुष्यात एकदाच मोठा चुकला, आणि त्या चुकीने तो कायमचा वाकला. गावात ही हकिकत हसून सांगतात. हसणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून मीच सांगायला बसलो.

आम्ही त्यांना बाबू म्हणायचो. बाबूंना एक नाद होता. दारूचा किंवा पत्त्यांचा असता तर गावाला तो समजला असता आणि गावाने पोटातही घातला असता. यांचा नाद होता लेन थॉर्नबी नावाच्या एका इंग्रज गिटारवाल्याचा. एकाहत्तर साली रेडिओची सुई फिरवताना कुठल्याशा परदेशी स्टेशनवर त्यांना त्याचं वाजवणं लागलं. वाजवणं संपल्यावर निवेदक म्हणाला, की हा माणूस गेल्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी वारला, आणि त्याने एकूण काय काय वाजवून ठेवलंय याची धड नोंद कुणाकडे नाही. दुसरा कोणी असता तर चुकचुकला असता आणि जेवायला बसला असता. बाबूंना तेवढंच वाक्य लागलं. पोस्टातल्या माणसाला बेवारस पाकीट दिसलं की चैन पडत नाही, तसं त्यांचं झालं.

रॉक म्हणतात ते संगीत मला कधी कळलं नाही. बाबूंनी दोन-तीनदा मला बसवून ऐकवलं. मी मान डोलवली, कारण त्यांच्या घरचा चहा चांगला असायचा. पण त्यांचं काम मात्र मला कळायचं, कारण ते आमच्याच धंद्यातलं होतं. पोस्टातले खराब झालेले फॉर्म घरी आणायचे, कोऱ्या बाजूने सारखे कापायचे आणि एका वाजवण्याला एक कार्ड करायचं. कुठे वाजवलं, कोणत्या तारखेला, सोबत कोण होतं, तबकडी निघाली असेल तर तिचा क्रमांक, किती मिनिटं किती सेकंद, सुरुवात कशी, शेवट कसा. हे सगळं पत्रं लिहून मिळवायचं. इंग्लंड, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया. थॉर्नबीचे वेडे जगभर पसरले होते आणि एकेकाला हुडकून बाबू निळ्या हवाई पत्रावर बारीक अक्षरात प्रश्न पाठवायचे.

यातली एकही तबकडी बाबूंच्या घरात नव्हती. तबकडी वाजवायचं यंत्रही नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण या माणसाने तुमसरात बसून शेळ्या अशा हाकल्या की मूळ मालक तोंडात बोट घालून बसले. त्यांचा एक नियम होता. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी तीच माहिती दिली तरच कार्ड पक्कं व्हायचं. एक साक्षीदार म्हणजे साक्षीदारच नाही, असं ते म्हणत. एका जपानी माणसाने चार सेकंदांचा फरक कळवला म्हणून एक कार्ड सहा वर्षं कच्च्या डब्यात पडून होतं.

लीड्स गावचे ग्रीव्ह नावाचे एक गृहस्थ थॉर्नबीच्या भक्तांसाठी टंकलेलं पत्रक काढायचे. ब्याऐंशी सालापर्यंत बाबूंच्या पक्क्या नोंदी एकशे बारा झाल्या होत्या. ग्रीव्हसाहेबांनी लिहिलं, की आता याचं पुस्तक छापू, संपूर्ण सूची म्हणून, आणि वर नाव तुमचं घालू. बाबूंनी ते पत्र मला पोस्टातच वाचून दाखवलं. छप्पन साली पंधरा वर्षांचा हा माणूस बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेला होता. मॅट्रिकपर्यंत कंदिलाखाली शिकला होता. त्याचं नाव विलायतेतल्या पुस्तकावर येणार होतं. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हाताने पान लावून दिलं.

आता गुलाबचं सांगतो. गुलाब म्हणजे बाबूंचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. घर राईस मिलच्या भिंतीला लागून होतं. घरात आई बायजाबाई, बाबू, त्यांची बायको वच्छला आणि गुलाब, एवढी माणसं. गुलाब दिवसा मिलमध्ये धानाची पोती उचलायचा आणि कार्यक्रम असला की श्यामरावच्या कव्वाली पार्टीत गिटार वाजवायला जायचा. आधी तो पार्टीत बँजो वाजवायचा. मग गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची मोडकी गिटार त्याच्या हाती लागली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या धनीरामने टेलिफोनच्या जुन्या चोंग्यातला तुकडा तिच्या पोटात बसवला आणि तार एका पुराण्या रेडिओला जोडून दिली. त्यातून असा फाटका, रडवेला आवाज निघायचा की पार्टीच्या ढोलकीवाल्याने पहिल्या दिवशी कानावर हात ठेवले.

परदेशी भक्तांनी भरून पाठवलेल्या थॉर्नबीच्या कॅसेटी घरातल्या टेपरेकॉर्डरवर वर्षानुवर्षं वाजत होत्या. बाबू आतल्या खोलीत घड्याळ घेऊन सेकंद मोजायचे आणि गुलाब भिंतीपलीकडे ओसरीवर बसून ऐकायचा. आत बोलावलं नव्हतं, म्हणून आत गेला नाही. पण कान कुणाला बंद करता येतात? बाबू ज्या कॅसेटीतले सेकंद मोजत होते तिच्यातलं वाजवणं हा माणूस बोटांत उतरवत होता.

एक प्रसंग माझ्यासमोरचा आहे. एक्क्याऐंशीची दिवाळी झाली होती. मी लीड्सचं पार्सल घेऊन गेलो होतो. गुलाब गिटार घेऊन दारात उभा राहिला.

"भाऊ, एकडाव आयकून तं पाय ना. पाचच मिन्टं."

बाबूंनी पार्सलाची सुतळी सोडता सोडता वर न बघता म्हटलं, "मले कायले आयकवतं? तुया कव्वालीवाले आहेत ना आयकाले."

"ते नाई. दुसरं बसवलं. तुया साह्यबासारखं."

तेव्हा मात्र बाबूंनी वर पाहिलं आणि हसले. वाईट हसले. "साह्यबासारखं! धानाचे कट्टे उचलून उचलून बोटं कशी झाली पाय तुई. अन् माया मशीनीले हात नोको लावू, समजलं?"

गुलाब मागे फिरला. गिटार खुंटीला अडकवून मिलकडे गेला. मलाही तेव्हा त्यात काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मीही बाबूंसोबत हसलो होतो.

ब्याऐंशीच्या श्रावणात गुलाबला कावीळ झाली. आधी गळ्यात माळ घालून पाहिली. माळ लांबली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबली आणि गुलाबही गेला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डोळ्यांत हळद उतरली होती. बत्तीस वर्षांचा होता. लग्न ठरत आलं होतं.

बायजाबाईने घरात सांगून टाकलं, की वर्षभर या घरात गाणं-बजावणं होणार नाही. वस्तीतल्या एकाने समजावलं, की आपल्यात आता असलं काही पाळत नाहीत. म्हातारी म्हणाली, "आपन बुद्धाचे झालो, पर मी तेची माय तं हावोच ना?" बाबूंनी आईचा शब्द मोडला नाही. पण पुस्तकाचं काम तर थांबवता येत नव्हतं. त्यांनी नागपूरहून कानात घालायचा इअरफोन मागवला. एका कानात इअरफोन, हातात घड्याळ, असं त्यांचं काम पुन्हा सुरू झालं. घरात आवाज होत नव्हता. दुसऱ्या कानात मिल चालूच होती, पण मिलचा आवाज आम्हा तुमसरच्या लोकांना आवाज वाटत नाही. दिवाळीनंतर धान आलं की मिल पार मे महिन्यापर्यंत दिवसरात्र चालते. तिचा पट्टा फिरतो, पट्ट्याचा जोड पुलीवरून गेला की फट् वाजतं आणि मागून जमीन धम करते. फट्-धम, फट्-धम, जरा लंगडत. पाहुणे आले की पहिल्या रात्री झोपत नाहीत. आम्हाला मिल बंद झाली की जाग येते.

पुस्तकासाठी शेवटची तपासणी म्हणून बाबूंनी ठरवलं, की घरातली प्रत्येक कॅसेट फीत संपेपर्यंत ऐकायची. एरवी थॉर्नबीचं वाजवणं संपलं की ते यंत्र बंद करायचे, पुढे कोरी फीत उरलेली असायची. त्र्याऐंशीच्या जानेवारीत एका कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला, सगळं संपून बराच वेळ नुसती खरखर गेल्यावर, एकाएकी गिटार सुरू झाली. चार मिनिटं दहा सेकंद. कोणत्याही यादीत नसलेली.

दुसऱ्या दिवशी पोस्टात बाबूंचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं गुलाबची आठवण आली असेल. ते मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "भैयाजी, बारा वर्सं झाले मी हेच हुडकून राहिलो होतो, अन् ते माया घरातच पडलं होतं." माझा हात धरून ते रडले. मग सांगू लागले. थॉर्नबीने असं कधीच वाजवलं नव्हतं. बाकी सगळ्या वाजवण्यात तो लोकांना काहीतरी करून दाखवतो, इथे कुणाला तरी काहीतरी सांगतोय. शेवटी सूर खाली येता येता थांबतो आणि उत्तराची वाट पाहिल्यासारखा तसाच राहतो. त्यांनी त्या कार्डावर जे लिहिलं ते मी पाहिलं आहे. एकशे बारा कार्डांवर फक्त तारखा, नावं आणि सेकंद होते. या कार्डाच्या तळाशी त्यांनी एक ओळ इंग्रजीत लिहिली आणि मला मराठीत सांगितली. 'याच्या सर्व वादनात हे श्रेष्ठ.'

आणि त्यांनी आपला नियम मोडला. दुसरा साक्षीदार नव्हता. ग्रीव्हसाहेबांनी कळवलं, की त्यांच्याकडच्या मूळ फितीवर असं काही नाही, पण ती कॅसेट चार हातांतून फिरून तुमच्याकडे आली, तेव्हा वाटेत कुणाकडून तरी हे भरलं गेलं असेल. बाबूंनी तेवढ्यावर नोंद पक्की केली. धनीरामचं यंत्र मागून आणलं, दोन्ही यंत्रं तारेने जोडून मुकाट्याने प्रत काढली आणि ती रजिस्टरने लीड्सला गेली. पावती मीच फाडली.

पुढचे दोन महिने मी त्यांच्या घरी जेवढं परदेशी टपाल टाकलं तेवढं त्याआधी दोन वर्षांत टाकलं नसेल. भक्त पागल झाले होते. पत्रकात 'तुमसरची फीत' असा मथळा आला. एका पंडिताने दोन पानं लिहून सिद्ध केलं, की थॉर्नबी मरायच्या आधी चोरून सतार शिकत होता. पुस्तक या एकशे तेराव्या नोंदीसाठीच लोक घेतील, असं ग्रीव्हसाहेबांनी लिहिलं. बाबू टपाल छाटताना गुणगुणायला लागले. आठ महिन्यांपूर्वी भाऊ गेलेला माणूस गुणगुणतो म्हणून पोस्टात कुजबुज झाली. मी त्यांची बाजू घेऊन भांडलो.

एप्रिलमध्ये ग्रीव्हसाहेबांचं छपाईआधीचं शेवटचं पत्र आलं. बाबू त्या दिवशी रजेवर होते, म्हणून चारच्या बटवड्यात मी ते घरी घेऊन गेलो. बायजाबाई अंगणात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. वच्छलावहिनींनी चहा ठेवला. बाबूंनी पत्र वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ढोल? कोन्ता ढोल?"

साहेबांनी लिहिलं होतं, की पुस्तक छापखान्यात जायला तयार आहे. फक्त एकशे तेराव्या नोंदीत गिटारच्या मागे जो ढोल वाजतो, तो वाजवणारा कोण ते कळवावं. फार विचित्र, लंगडा ठेका आहे, थॉर्नबीच्या ओळखीच्या कुठल्याच ढोलवाल्याचा नाही. कळत नसेल तर 'अज्ञात' असं छापू, पण तुमचं उत्तर आल्याशिवाय छपाई सुरू करणार नाही.

बाबूंनी कानात इअरफोन घातला, कॅसेट लावली आणि ऐकून मान हलवली. ढोल नव्हता. मला ऐकायला दिलं. मीही सगळं लक्ष देऊन ऐकलं. गिटार होती, ढोल नव्हता. "साह्यबाचे कान वाजते," मी म्हटलं. बाबूंनी पुन्हा लावली आणि तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. यंत्र थांबलं. पलीकडे मिलचा पट्टा घरघरत मंदावला आणि थांबला. एप्रिलच्या उन्हात सगळं एकदम शांत झालं. लाइट कधी येईल याचा नेम नसायचा, आणि बाबूंना धीर नव्हता. त्यांनी रेडिओतले सेल काढले, यंत्रात घातले आणि बटण दाबलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आधी ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मिलच्या बाजूच्या. मिल बंद होती. त्यांनी कानातला इअरफोन हाताने दाबून धरला, पुन्हा भिंतीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी विचारलं, "काय झालं बाबू?" त्यांनी इअरफोनची पिन यंत्रातून उपटली.

खोलीत गिटार वाजू लागली. आणि तिच्या मागे, आता आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू येणारी, आमची मिल. फट्-धम, फट्-धम.

अंगणात सुपाचा आवाज थांबला. बायजाबाई भिंतीला धरून दारात आली. "गुलाब वाजवून राहिला," ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती. मग खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.

वच्छलावहिनी चुलीपासून उठून आल्या. गुलाबचं वाजवणं भरताना बटण त्यांनीच दाबलं होतं. बाबू ड्यूटीवर असताना एका दुपारी गुलाबने त्यांना गळ घातली होती, आणि दोघांनी अळीमिळी गुपचिळी ठरवली होती. "कोरी कॅसेट घ्या म्हणलं मी भाऊजीले," त्या रडत सांगू लागल्या. "तं म्हणे, नाई वयनी, याच कॅसेटीच्या शेवटी भरू. भाऊ हे कॅसेट आयकतेच. आयकता आयकता आपसूक माहं बी कानावर पडन. मंग तं नाई म्हनता येनार नाई ना तेले." त्यानंतर तो रोज वाट पाहायचा. संध्याकाळी बाबू यंत्र लावून बसले की ओसरीवर कान देऊन बसायचा, आणि दर वेळी बाबू शेवटाच्या आधी बटण बंद करायचे. असे नऊ महिने. मग तो आजारी पडला. वहिनींना भीती होती, मशीनला हात लावला म्हणून नवरा रागावेल. बाबू कानात काय ऐकतात आणि कशासाठी खूश आहेत, हे त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी चहा कुणी प्यायलं नाही. मी पिशवी उचलून निघून आलो.

आता बाबूंपुढे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हसणारे हेच विसरतात. 'अज्ञात' एवढा एक शब्द लीड्सला पाठवला की बारा वर्षांचं काम पुस्तक होऊन येणार होतं, वर त्यांचं नाव. खरं लिहिलं तर पहिल्याने एकशे तेरावी नोंद जाणार, आणि मग लोक बाकीच्या एकशे बारांकडेही संशयाने बघणार. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "बाबू, हात दाखवून अवलक्षण कायले करता? तिकून कोनी येते का इथं मिल आयकाले? अज्ञात लिवा अन् मोकळे व्हा." मला अजूनही वाटतं माझा सल्ला व्यवहाराचा होता. लाज मात्र वाटते.

नऊ दिवस बाबूंनी उत्तर लिहिलं नाही. त्या नऊ दिवसांत त्यांनी दोन पाकिटं चुकीच्या खणात टाकली. मी ती कुणाला न सांगता ज्या त्या पोस्टमनच्या बीटात घातली. दहाव्या दिवशी बायजाबाईने विचारलं, की गुलाबचं वाजवणं विलायतेत पोचलं म्हणतात ते खरं का. बाबूंनी तिला सगळं सांगितलं, ते थॉर्नबीसाहेबाच्या नावावर गेलं हेसुद्धा. म्हातारीने हातातली विडी वळून सुपात टाकली. मग म्हणाली, "जित्तेपनी तेच्यासाठी एक चांगला शब्द तुया तोंडून निंगाला नाई. आता मेल्यावर तेचं हाये तेबी दुसऱ्याले नोको देऊन टाकू."

पत्र त्यांनी पोस्टातच लिहिलं, जेवणाच्या सुट्टीत. वादक गुलाब गजभिये, माझा धाकटा भाऊ, राईस मिलमधला हमाल. ढोल नाही, धान भरडायचं यंत्र आहे. दोष पूर्णपणे माझा, दुसरा साक्षीदार नसताना नोंद केली. शेवटी एक विनंती होती, की तुमच्याकडच्या प्रतीवर माझ्या भावाचं नाव लिहून ती जपून ठेवावी. शिक्का त्यांनी स्वतः मारला.

उत्तर यायला सात आठवडे लागले. ग्रीव्हसाहेब सभ्य माणूस. सांत्वन केलं होतं, प्रामाणिकपणाचे आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं, की सभासदांच्या आग्रहामुळे सर्व नोंदी दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घ्याव्या लागतील. सोबत पत्रकाचा नवा अंक होता. सतारीवर दोन पानं लिहिणाऱ्याच पंडिताने त्यात लिहिलं होतं, की हे वादन अडाणी हाताचं आहे अशी शंका त्याला पहिल्यापासून होती. चार मिनिटं दहा सेकंद तेच होते. फक्त नाव बदललं होतं. प्रतीबद्दल साहेबांच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत होतं, की ती संग्रहाच्या कक्षेबाहेरची असल्याने ती कॅसेट दुसऱ्या कामासाठी वापरून टाकली.

बाबूंनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि टपाल छाटायला बसले. पुस्तक पंच्याऐंशी साली निघालं. वर दुसऱ्याच दोघांची नावं होती. एकशे बाराच्या एकशे बारा नोंदी तशाच, एक सेकंद इकडचा तिकडे झाला नव्हता. शेवटच्या पानावर आभाराच्या तीस नावांत बाबूंचं नाव होतं. एक प्रत त्यांना भेट आली. त्यांनी ती उघडून पाहिली, मिटली आणि मला देऊन टाकली. माझ्याकडे आहे. पत्त्यापुरतं इंग्रजी मला येतं, पुस्तक वाचता येत नाही.

त्यानंतर त्यांनी गुलाबची सूची करायला घेतली. रजा काढून किंवा रविवार गाठून श्यामरावची पार्टी जिथे जिथे गेली होती त्या गावी जायचे. कुणी तेव्हा कार्यक्रम टेप केला होता का, म्हणून विचारायचे. आंबागडला गेले, पवनीच्या बाजूला कोंढ्याला गेले. मी कधीकधी सोबत असायचो. लोकांकडे कॅसेटी असायच्या, पण लोकांनी गाणाऱ्याला टेप केलेलं, गिटारवाल्याला नाही. बाबू टेपला कान लावून बसायचे. गाण्याच्या मागे, ढोलकीच्या मागे, कुठे दोन सूर गिटारचे सापडले तर मिनिट-सेकंद लिहून घ्यायचे. श्यामरावने कबूल केलं, "आमीच तेले म्हनो, हळू वाजव बा, गानं दबते." दोन वर्षांत सात कार्डं झाली. सातांत मिळून गुलाब स्वच्छ ऐकू येतो ते अकरा सेकंद. प्रत्येकाला दोन साक्षीदार होते.

मूळ कॅसेट घरात होती. वर्ष सरल्यावर बायजाबाई रोज संध्याकाळी ती लावायला सांगायची. वच्छलावहिनी लावून द्यायच्या. झिजून झिजून त्यात गिटारपेक्षा मिलच जास्त ऐकू यायला लागली, तरी म्हातारीने सोडली नाही. अठ्ठ्याऐंशीत ती वारली तोवर रोज वाजत होती. कॅसेट सुरू झाली की बाबू चपला घालून बाहेर पडायचे आणि बाजारातून चक्कर मारून यायचे. एकदाही त्यांनी ती पुन्हा ऐकली नाही. गावाला वाटे, पुस्तक गेल्याचा राग आहे. मलाही तसंच वाटायचं.

कोंढ्याहून परत येताना एसटी पवनीच्या स्टँडवर बिघडून उभी होती. आम्ही दोघे बाकावर बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबू, गावोगाव फिरून दोन-दोन सेकंद जमा करून राहिले, अन् घरी चार मिन्टाचं हाये ते काहून नाई आयकत? तुमी तं रडले होते ना ते आयकून. सर्वांत चांगलं होय म्हणून लिवलं होतं."

त्यांनी पिशवीतली कार्डं गुडघ्यावर सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिवलं होतं ना, भैयाजी. साह्यबाचं होय म्हणून लिवलं. बटन दाबल्याबरोबर माया ध्यानात आलं असतं का गुलाब होय, तं मी तिथंच बंद केलं असतं."

 दुसरी गाडी यायला पाऊण तास लागला.